नव्या रायफलीतील गॅसगळती : सांधा बुजवण्याआधी काजळी वाचावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नव्या अर्धस्वयंचलित रायफलीच्या देखभालीविषयी प्रसिद्ध झालेले टिपण मी दोनदा वाचले. नेमबाजीविषयी मराठीत एकूणच कमी लिहिले जाते आणि हत्याराच्या यंत्रणेविषयी तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे टिपणकर्त्यांनी हा विषय हाती घेतला याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु पहिल्याच सरावात गॅस ब्लॉकच्या, म्हणजे बॅरलवर बसवलेल्या आणि गोळीमागचा गॅस यंत्रणेकडे वळवणाऱ्या भागाच्या, कडेला काजळी दिसली तर स्क्रू आणखी आवळावेत आणि सांधा उष्णतारोधक सीलंटने बुजवून टाकावा, हा त्यांचा सल्ला वाचून मी अस्वस्थ झालो. उणीपुरी सव्वीस वर्षे मी शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती-देखभाल करणारा, म्हणून काम केले आहे आणि या एका सल्ल्यापायी चांगल्या रायफली बिघडलेल्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती आहे.

मुळात ‘गॅसगळती’ हा शब्दच माणसाला घाबरवतो. तो कानावर पडला की आपल्याला घरातला सिलिंडर आठवतो, जिथे थेंबभर गळतीसुद्धा धोक्याची असते आणि ती तत्काळ थांबवणे हाच एक उपाय असतो. रायफलीतला गॅस असा साठून राहिलेला नसतो. काडतुसातली दारू पेटली की तिचा दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला गॅस होतो, तो गोळीला पुढे रेटतो आणि गोळी बॅरलच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. गोळी बाहेर पडली की दाब कोसळतो आणि उरलेला गॅस वाट मिळेल तिकडून निघून जातो. यंत्रणेला त्यातला अगदी थोडा हिस्सा, तोही क्षणभरच, हवा असतो. म्हणून रायफलीच्या बाबतीत गॅस कुठून तरी बाहेर येतो आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो कुठून येतो आहे आणि जो कामासाठी उरला आहे तो पुरेसा आहे का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

ज्यांनी रायफल उघडून पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी यंत्रणा थोडक्यात सांगतो. बॅरलमध्ये चेंबरपासून, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या टोकापासून, काही अंतरावर एक बारीक छिद्र पाडलेले असते. आजच्या लहान कॅलिबरच्या रायफलींत त्याचा व्यास साधारण दीड ते अडीच मिलिमीटर असतो. गोळी या छिद्राला ओलांडून गेली की तिच्यामागचा गॅस छिद्रातून वर, बॅरलवर बसवलेल्या गॅस ब्लॉकमध्ये शिरतो. पिस्टनच्या रायफलीत तो तिथेच पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्ट कॅरियरला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला वाहून नेणाऱ्या भागाला, धक्का देतो. एआर पद्धतीच्या (एम-१६ आणि तिच्या जातकुळीतल्या) रायफलीत वेगळा पिस्टन नसतो. तिथे गॅस एका लांब पातळ नळीतून थेट मागे बोल्ट कॅरियरमध्ये जातो आणि कॅरियर हाच सिलिंडर व बोल्टची शेपटी हाच पिस्टन, अशी रचना असते. यूजीन स्टोनर यांना या रचनेचे अमेरिकी पेटंट १९६० साली मिळाले. दोन्ही प्रकारांत पुढचे काम सारखेच आहे : बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी खेचून बाहेर फेकतो, परतीच्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो आणि कुलूपबंद होतो.

आता यातली गंमत ध्यानात घ्यावी, की यांपैकी बऱ्याच रायफली गॅस मुद्दाम बाहेर सोडतात. अनेक देशांच्या सैन्यांनी दशकानुदशके वापरलेल्या एफएन एफएएल या रायफलीचा गॅस रेग्युलेटर जास्तीचा गॅस बाहेर सोडण्याच्या तत्त्वावरच चालतो. रेग्युलेटर जितका उघडा, तितका अधिक गॅस हवेत आणि तितका कमी गॅस पिस्टनला. एके मालिकेतील रायफलींत पिस्टनने आपला धक्का देऊन झाला की गॅस बाजूच्या भोकांतून मोकळा होतो. एआरच्या बोल्ट कॅरियरच्या उजव्या अंगाला दोन भोके असतात आणि कॅरियर थोडा मागे सरकताच वापरलेला गॅस त्यांतून निघून जातो. ही रायफल पहिल्यांदा उघडणाऱ्या नवख्या माणसाला त्या दोन भोकांभोवतीची काजळी हमखास ‘लिकेज’ वाटते. एका होतकरू नेमबाजाने ती भोके बुजवता येतील का, असे मला अगदी गांभीर्याने विचारले होते. त्याला दोष देता येत नाही, कारण काजळी दिसली की गळती आणि गळती दिसली की बुजवणे, एवढेच त्याला सांगण्यात आले होते.

त्यातही नवी रायफल असली की आणखी एक फसवी गोष्ट घडते. कारखान्यातून निघालेल्या रायफलीला गंज लागू नये म्हणून तिला आतून-बाहेरून संरक्षक तेल किंवा ग्रीस लावलेले असते. ते गॅस ब्लॉकच्या फटीत, हँडगार्डच्या (बॅरलभोवतीच्या पकडायच्या आवरणाच्या) आत, बॅरलच्या खांद्याशी साचलेले राहते. पहिल्या वीस-तीस फैरींत बॅरल तापते आणि हे तेल जळून पांढरट धूर येऊ लागतो. नेमबाजाला वाटते की सांध्यातून गॅस निसटतो आहे. या दोहोंत फरक ओळखणे अवघड नाही. गळतीचा फवारा गोळी सुटण्याच्या क्षणीच येतो आणि धातूवर कोरडी काळी खूण सोडतो. तेलाचा धूर गोळी सुटल्यानंतरही तरंगत राहतो, त्याला जळक्या तेलाचा वास असतो आणि तो बोट फिरवल्यावर चिकट तपकिरी डाग देतो. म्हणून नव्या रायफलीविषयी कोणतेही मत बनवण्यापूर्वी ती आतून-बाहेरून नीट साफ करून, निर्माता सांगतो त्या जागी हलके तेल देऊन मगच रेंजवर न्यावी. हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. अट एवढीच की मॅगझिन काढलेले असावे, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे, मग करंगळीचे टोक घालून ते रिकामे असल्याची खात्री करावी आणि त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे. हे वाक्य कितीही वेळा लिहिले तरी मला पुनरुक्ती वाटणार नाही.

साफ केलेल्या रायफलीतून दहा-पंधरा फैरी झाडल्यावरही गॅस ब्लॉकच्या कडेशी काजळीची खूण उमटली, तर ती खरी गळती आहे असे समजावे, परंतु तिथेही घाई नको. गॅस ब्लॉक हा बॅरलवर सरकवून बसवलेला स्वतंत्र भाग असतो. तो कुठे आडव्या पिनांनी, कुठे खालून दोन स्क्रूंनी, तर कुठे पकडीसारखा आवळून पक्का केलेला असतो. बॅरलचा बाहेरचा व्यास आणि ब्लॉकच्या भोकाचा व्यास यांत केसाइतके अंतर ठेवावेच लागते, नाहीतर ब्लॉक बॅरलवर चढणारच नाही. ज्या छिद्रातून गॅस वर येतो त्याच्याभोवती कोणतेही वॉशर नसते. म्हणजे पहिल्या दिवसापासून या केसाएवढ्या फटीतून थोडा गॅस निसटणार, हे रचनेतच गृहीत आहे. पुढे शे-दोनशे फैरींमध्ये याच गॅसमधला कार्बन त्या फटीत साचतो, उष्णतेने घट्ट होतो आणि सांधा पुष्कळसा आपोआप बंद होतो. बाहेर पसरलेली काजळी पुसून टाकली आणि पुढच्या सरावानंतर ती आधीपेक्षा फिकी उमटली, तर हे काम सुरू झाले आहे असे समजावे.

शिकाऊ असताना मी स्वतः नेमके उलट करीत असे. रायफल झळझळीत दिसावी म्हणून त्या सांध्यातली काजळी मी टोकदार सळईने खरवडून काढायचो आणि दर आठवड्याला ती नव्याने उमटलेली पाहून हैराण व्हायचो. आमच्या उस्तादांनी एकदा माझ्या हातातली सळई काढून घेतली. मग सांध्यावरून पांढऱ्या फ्लॅनेलची चिंधी एकदा फिरवली, तिच्यावर उमटलेली काळी रेघ मला दाखवली आणि ती चिंधी तारीख लिहून एका लिफाफ्यात ठेवायला सांगितली. पुढच्या तीन सरावांनंतरच्या चिंध्या आम्ही तिच्या शेजारी मांडल्या. पहिलीवर कोळशाने ओढल्यासारखी जाड रेघ होती, दुसरीवर पुसट, तिसरीवर राखाडी सावली आणि चौथीवर काही शोधावे लागले. ब्लॉकला कोणी हातही लावला नव्हता. चिंध्या जपून ठेवण्याची ही पद्धत मी पुढे माझ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला लावली, कारण मनावरून ‘कमी झाले’ किंवा ‘वाढले’ म्हणण्यापेक्षा समोर मांडलेल्या चार चिंध्या अधिक खरे सांगतात.

आता स्क्रू आवळण्याविषयी. काही वर्षांपूर्वी एक तरुण नेमबाज आपली नवीकोरी रायफल घेऊन माझ्याकडे आला. तक्रार अशी, की पहिल्या दिवशी ती उत्तम चालली, फक्त ब्लॉकपाशी काजळी दिसली. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने दोन्ही स्क्रू सैल केले, सांध्याला सीलंट लावले, स्क्रू पुन्हा जोर लावून आवळले आणि त्या दिवसापासून रायफल एका गोळीनंतर अडू लागली. मी हँडगार्ड काढले तेव्हा एका स्क्रूचे षट्कोनी भोक इतके घासले होते की ॲलन की त्यात गरागरा फिरत होती. स्क्रू सैल केल्यावर ब्लॉक बॅरलभोवती किंचित फिरला होता आणि तसाच आवळला गेला होता. बॅरलमधले छिद्र आणि ब्लॉकमधला मार्ग एकमेकांसमोर येण्याऐवजी निम्मे झाकले गेले होते. शिवाय बाहेर ओघळायच्या ऐवजी सीलंटचा एक ठिपका आत शिरून त्या उरलेल्या वाटेत जळून कडक झाला होता. सांध्यातून निसटणारा गॅस फार तर नखाएवढा असेल, पण तो थांबवायला जाऊन मुख्य वाटच बंद झाली. तो घासलेला स्क्रू काढण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने निष्काळजीपणा केला नव्हता, त्याने सल्ला पाळला होता.

मग काही करायचेच नाही का, असे कोणी विचारील. करायचे आहे, आणि ते म्हणजे रायफलीलाच विचारायचे. याची जुनी, साधी आणि अतिशय प्रामाणिक चाचणी आहे. रीतसर रेंजवर, डोळ्यांना व कानांना संरक्षण लावून, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे, ते चेंबरमध्ये घ्यावे आणि लक्ष्यावर झाडावे. ज्या रायफलींत मॅगझिन रिकामे झाल्यावर बोल्ट मागेच अडकून राहण्याची सोय आहे, तिथे तो मागे राहिला पाहिजे. असे पाच-सहा वेळा करावे. प्रत्येक वेळी बोल्ट मागे राहत असेल आणि पुंगळ्या साधारण एकाच दिशेला, एकाच अंतरावर पडत असतील, तर यंत्रणेला पुरेसा गॅस मिळतो आहे आणि सांध्यावरची काजळी ही फक्त काजळी आहे. एफएएलचा रेग्युलेटर लावण्याची सैनिकी रीतही याच चाचणीवर उभी आहे. रेग्युलेटर उघडा ठेवून एकेक गोळी झाडत तो टप्प्याटप्प्याने बंद करत न्यायचा, बोल्ट मागे अडकू लागला की धूळ, थंडी आणि मळ यांच्यासाठी राखीव म्हणून आणखी दोन टप्पे द्यायचे. मला ही रीत शिकवली गेली तेव्हा तिच्यातले शहाणपण कळले नव्हते. त्या रीतीत गळती किती हे कोणी मोजतच नाही, काम होते की नाही एवढेच पाहिले जाते.

बोल्ट मागे राहिला नाही, पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकली किंवा शेजारीच मरगळून पडू लागली, तर बोल्ट पुरेसा मागे येत नाही असा अर्थ होतो. परंतु तेव्हाही गॅस ब्लॉकला एकदम गुन्हेगार ठरवू नये. बोल्ट कमी मागे येण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी पाना न लावता तपासता येतात. कोरड्या नव्या रायफलीत धातूवर धातू घासत असतो, त्यामुळे थोडे तेल देऊन पुन्हा पाहावे. मॅगझिन बदलून पाहावे, कारण बोल्ट अडवणारी कळ मॅगझिनमधला, काडतुसे वर रेटणारा फॉलोअर वर ढकलतो आणि तो वाकडा असेल तर रायफल निर्दोष असूनही बोल्ट पुढे जातो. परतीची स्प्रिंग किंवा बोल्टचा धक्का झेलणारा बफर मूळचाच आहे ना, हे पाहावे. सर्वात महत्त्वाचे म्हणजे काडतुसांचा प्रकार बदलून पाहावा. कमी ताकदीच्या सरावाच्या काडतुसांवर नवी, घट्ट रायफल अडते आणि पूर्ण ताकदीच्या काडतुसांवर तीच रायफल सुरळीत चालते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

काडतूस आणि गॅसयंत्रणा ही जोडी आहे, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. व्हिएतनाममध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यावर एम-१६ रायफली अडू लागल्या, तेव्हा सैनिकांनी रायफलीलाच दोष दिला. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या, रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी केली. ज्या दारूवर ही रायफल विकसित झाली होती ती बदलून सैन्यासाठी गोलकणी दारू वापरली गेली होती. त्यामुळे छिद्रापाशी गॅसचा दाब वाढला, बोल्टची गती वाढली, मळही वाढला. त्यात सफाईचे साहित्य सैनिकांपर्यंत नीट पोहोचलेले नव्हते आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने ते गंजत होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तिथे गॅस कमी नव्हता, उलट जास्त होता, आणि पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसत होती. लक्षणावरून रोग ठरवताना इतकी गफलत होऊ शकते. पुंगळी अडकली म्हणून ‘गॅस कमी पडतो’ असे मानून छिद्र मोठे करणारा माणूस आजारात भर घालील.

एवढे सगळे पाहूनही रायफल अडत असेल, तर आत पाहावे. एआर पद्धतीच्या रायफलीत बोल्ट कॅरियरच्या माथ्यावर गॅस की नावाचा छोटा भाग दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि समोरून येणारी गॅसनळी त्यात शिरते. खरी, त्रासदायक गळती बहुधा इथे सापडते. हे दोन स्क्रू ठरावीक जोराने आवळून, मग पंचने भोवतालचा धातू त्यांच्या डोक्यावर ठोकून जाम केलेले असावे लागतात. ते काम नीट झाले नसेल तर काही शे फैरींच्या हादऱ्यांनी की सैल होते. तिच्या बुडाशी, कॅरियरवर, पिसाच्या आकाराची काजळी पसरलेली दिसते आणि अंगठ्याने दाबल्यास कधीकधी ती हललेलीही जाणवते. हा दोष आपोआप बरा होत नाही. तिथे कार्बन साचून सांधा बंद होईल या आशेवर थांबू नये. रायफल नवी असेल तर ती निर्मात्याकडे किंवा परवानाधारक कारागिराकडे न्यावी, कारण हे स्क्रू पुन्हा बसवणे हे जोराचा अंदाज नसलेल्या हाताचे काम नाही.

त्याच बोल्टच्या शेपटीवर तीन बारीक रिंगा असतात. इंजिनाच्या पिस्टनवर असतात तशाच. त्या झिजल्या तर गॅस त्यांच्या कडेने निसटतो. तपासण्याची रीत सोपी आहे : बोल्ट कॅरियर बाहेर काढून बोल्ट पुढे ओढून ठेवावा आणि संपूर्ण जोड बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभी करावी. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली घसरला तर रिंगा बदलायला आल्या, तसाच उभा राहिला तर त्या ठीक आहेत. नव्या रायफलीत त्या झिजलेल्या असण्याची शक्यता फार कमी. या तीन रिंगांच्या चिरा एका रेषेत आल्या तर रायफल चालत नाही, असा एक समज पिढ्यान्‌पिढ्या पसरला आहे आणि आम्हीही तपासणीत त्या चिरा फिरवून ठेवत असू. रिंगा वापरात स्वतःच फिरत असतात आणि चिरा एका रेषेत असतानाही रायफल चालते, हे मी पुढे स्वतः पडताळून पाहिले. त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

आता ज्या गळतीला किरकोळ म्हणता येत नाही तिच्याकडे येतो, आणि आपल्या पुरवणीतील टिपणात तिचा उल्लेखही नव्हता ही माझी दुसरी तक्रार आहे. गॅस ब्लॉक पुढे आहे, नेमबाजाच्या चेहऱ्यापासून दूर आहे. पण गॅस मागून, चेंबर आणि बोल्टच्या बाजूने आला, तर मामला पूर्ण वेगळा आहे. ५.५६ मिलिमीटरच्या सैनिकी काडतुसाचा चेंबरमधला कमाल दाब सुमारे ४३० मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक असतो आणि त्या गॅसला मागे येण्यापासून अडवणारी मुख्य भिंत म्हणजे पितळेची पातळ पुंगळी. गोळी सुटताच चेहऱ्यावर गरम फुंकर आली, डोळ्यांत कण गेले, आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला किंवा मॅगझिनमधून धूर निघाला, तर त्याच क्षणी थांबावे. मॅगझिन काढून रायफल रिकामी करावी आणि पुढची गोळी अजिबात झाडू नये. आवाज दबका आला असेल तर बॅरलमध्ये गोळी अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडणे म्हणजे बॅरल फोडणे आहे. पुंगळी सापडली तर ती जपून ठेवावी. तिच्या बुडावरच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला) भोक पडले आहे का, त्याच्याभोवती काळी कडा आहे का, बुडाच्या जरा वर गोलाकार चमकती रेघ किंवा चीर आहे का, हे कारागीर पाहील. चेंबरची खोली आणि बोल्टचे अंतर मापाबाहेर आहे की काडतूस सदोष आहे, हे गेज लावून ठरते, नजरेने नाही. काही वेळा आवाज दबवणारे सायलेन्सर लावलेल्या रायफलीत मागच्या बाजूने गॅस चेहऱ्याकडे येतो. त्याचे कारण निराळे असते, परंतु तेही सरसकट ‘असे होतेच’ म्हणून सोडून न देता जाणत्याला दाखवावे.

न करण्याच्या गोष्टींत बॅरलचे छिद्र ड्रिलने मोठे करणे ही मी सर्वांत वर ठेवीन. छिद्र मोठे करता येते, लहान करता येत नाही, आणि सुरुवातीच्या घट्टपणामुळे अडणारी रायफल शंभर-दीडशे फैरींनंतर मोकळी झाली की तीच रायफल आता गरजेहून जास्त गॅस घेऊन स्वतःचे भाग ठोकू लागते. परतीची स्प्रिंग कापणे हाही तसाच प्रकार. सीलंटचे काय होते ते वर सांगितलेच आहे. कारखान्यात उष्णता सोसणारे संयुग लावून ब्लॉक पक्का करतात हे खरे आहे, पण तिथे ब्लॉक आणि छिद्र जुळल्याची तपासणी आधी होते आणि लावणाऱ्याला ते कुठे लावायचे नाही हे माहीत असते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, ती तक्रारीच्या विषयाला लागूनच आहे. या काजळीत कार्बनबरोबर शिसे असते, कारण अनेक प्रायमरांत शिशाचे संयुग असते आणि बऱ्याच गोळ्यांचा तळ उघड्या शिशाचा असतो. म्हणून सफाई हवेशीर जागी करावी, हातमोजे घालावेत, वापरलेल्या चिंध्या घरात लोळू देऊ नयेत आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना शिशाचा अपाय मोठ्यांपेक्षा अधिक होतो. आम्ही उमेदीच्या वर्षांत हे सगळे उघड्या हातांनी केले, तेव्हा कोणी सांगणारे नव्हते.

संपादक महोदय, टिपणकर्त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही आणि त्यांनी पुढेही लिहावे असेच मला वाटते. परंतु छापील सल्ल्याला वजन असते. माझ्याकडे आलेल्या त्या मुलासारखा कोणीतरी ते कात्रण कापून हत्याराच्या पेटीत ठेवतो आणि त्याप्रमाणे पाना हातात घेतो. म्हणून माझी विनंती अशी, की ज्या जागी ते टिपण आले त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दोन गोष्टींची दुरुस्ती छापावी : गॅस ब्लॉकच्या सांध्यातली काजळी दिसली म्हणून स्क्रू सैल करू नयेत, आवळू नयेत व सीलंट लावू नये, आणि मागून चेहऱ्याकडे गॅस आला तर गोळीबार तत्काळ थांबवून रायफल परवानाधारक कारागिराकडे द्यावी. मला जागा कमी दिली तर माझे बाकीचे पत्र कापावे, पण ही दोन वाक्ये जशीच्या तशी घ्यावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आर्मोरर